ऊसतोडीची पाळी आणि पुण्याचा कंप्युटर

आम्ही तिघं शहाद्यात चहाला जमलो, की एकाचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्याला काहीतरी आठवतंच. मी, ड्रायव्हर मगनभाऊ आणि आमचे शेतकी साहेब. तिघंही साखर कारखान्यातून निवृत्त!

तेव्हा कुणाचा ऊस आधी तोडायचा, ते पुण्याचा कंप्युटर ठरवायचा. प्रत्येक शेतकऱ्याचं एक पुठ्ठ्याचं कार्ड. त्याच्या लागवडीचा महिना मी मशीनवर भोकं पाडून कार्डावर नोंदवायची. कार्डं जीपने पुण्याला जायची, तोडणीची यादी छापून यायची; ज्याची लागवड आधी, त्याची पाळी आधी. पाळी उशिरा लागली, की उभा ऊस वाळलाच म्हणून समजा.

*

मगनभाऊ म्हसावदचा. पुण्याला पहिल्यांदा गेला, चपला काढून कंप्युटरच्या गारठलेल्या हॉलमध्ये शिरला आणि सगळीकडे बघून मला म्हणतो, "ताई, ह्या ते कपाटं शेतस! मशीन कोठे शे?"

अहो, ती कपाटं म्हणजेच कंप्युटर!

*

भोकं पाडली की कागदाच्या बारीक टिकल्या पडायच्या. मगनभाऊने त्या पिशवीभर नेल्या आणि भाच्याच्या वरातीत उधळल्या. बँडवाल्याच्या क्लॅरिनेटमध्ये गेल्या, आणि नवरदेव बँडशिवायच मांडवात पोचला!

*

एक म्हातारेबाबा आपलं कार्ड बघायला आले. उजेडात धरलं आणि एकदम घाबरले.

"ताई, मन्हा कारडले कीड लागी गई! फवारा मारा!"

*

कार्डांचा गठ्ठा लावला, की त्याच्या कडेवर मी निळ्या पेनने एक तिरकी रेघ ओढायची. साहेब ओरडायचे, "शाळेची वही आहे का ती?"

एकदा घाटात जीपने गचका खाल्ला आणि अख्खी पेटी उलटली. कार्डंच कार्डं! आम्ही तिघं रस्त्याकडेला फतकल मारून बसलो आणि ती रेघ जुळवत जुळवत सगळी कार्डं ओळीने लावली. साहेब धोतराची धूळ झटकत म्हणाले, "पुढच्या वेळी रेघ जरा जाड ओढ."

काय दिवस होते हो ते!

*

आणि हा किस्सा कळसाडीच्या अप्पांचा. त्यांची जुलैची लागवड मी डिसेंबरची म्हणून पंच केली. यादी भिंतीवर लागली, तर अप्पा सगळ्यांत खाली! विहीर आटलेली, उसाला तुरे आलेले. अप्पा यादीसमोर नुसते उभे.

साहेब म्हणाले, "कंप्युटर चुकत नसतो. छापलं ते छापलं."

माझी नोकरी तात्पुरती, घरी कमावणारी मी एकटी. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण अप्पांचा चेहरा बघवेना.

"साहेब, चूक माझी आहे. महिना मी चुकवला."

साहेब लालबुंद! "मग उद्यापासून येऊ नकोस!"

तेवढ्यात अप्पा पुढे आले.

"साहेब, इले काढू नका. कंप्युटर बी चुकना, हाई बी चुकनी. पन बोलनी हाई एकलीच!"

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, छापील यादीवर सगळ्यांत वर हाताने अप्पांचं नाव लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"सही कर. तुझी."