कांजण्यांची सुई आणि कौसाताई

मोहगावहून भाच्याचा फोन आला, तेव्हा मी सौंसरच्या बसस्टँडवर उभा होतो. "मामा, आई गेली..." माझी थोरली बहीण कौसाताई. वय झालंच होतं. तेरवीला जो तो म्हणत होता, "जुन्या वळणाची बाई. बरं झालं, भाऊ मास्तर होता, त्यानं घरात नवं आणलं." आणि मी मान हलवत बसलो! ते तेव्हापासून टोचतंय, कारण खरी गोष्ट नेमकी उलटी आहे आणि ती सांगायला मी अगदी उतावीळ झालोय.

आमच्याकडे लेकराला कांजण्या आल्या की माता आली म्हणतात. घरात फोडणी बंद, दाराला कडुनिंब, आणि ती थंड व्हावी म्हणून मातामायच्या ओट्यावर रोज पाणी. मोहगावात हे पाणी घालायला कौसाताईलाच बोलवायचे. माझी नात पिहू चालायला लागली, तेव्हा सौंसरला आमच्याच गल्लीत माता आली. सून म्हणाली, आपण लस देऊन घेऊ. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला मी म्हणालो, "काही गरज नाही. आम्हा सगळ्यांना आली, कोण मेलं? मातेला अडवायचं कशाला? वाटल्यास ताईला विचारा." ती नाहीच म्हणणार, याची मला खात्री होती!

ताई दुसऱ्याच दिवशी हजर. सुनेला तिनं एवढंच विचारलं, "हे औषध ठेवते कुठं?"

"फ्रिजमधी, आत्याबाई. बाहेर राहिलं तं वाया जाते."

ताईचे डोळे चमकले. "मंग तं ते मातेचंच आहे! मी जन्मभर तिले थंड करून राहिली, हे बी थंडच. मधू, तू काहून आडवा येऊन राहिला?"

"ताई, माता कोपली तर?"

"तिच्याशी मी बोलीन. तू मास्तर आहे, तू पोट्टीची टोपी शोध."

पांढुर्ण्याच्या दवाखान्यात पिहूला मांडीवर घेऊन बसली तीच. "हळू टोच रे बावा," असा डॉक्टरलाच दम! परतल्यावर थेट मोहगावच्या ओट्यावर गेली, पाणी घातलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माय, आता तुले आमच्या घरी यायची तसदी नाही." बायका हसून लोटपोट... पण त्यांच्यातल्या कितीतरी जणी मग लेकरं घेऊन पांढुर्ण्याला गेल्या. सौंसरात मात्र मास्तरानं नातीला सुई दिली म्हणून बोलबाला झाला माझा. मी तो होऊ दिला. ताई म्हणायची, "घे मिरवून. तुले हौस आहे."

गेल्या आठवड्यात पिहूचा दुसरा डोस होता. दवाखान्यात रामाकोना गावची एक तरुण आई लेकराला घेऊन बाकावर घुटमळत बसली होती. घरी सासू नको म्हणत होती. मला ओळखून म्हणाली, "सर, तुमीच न नातीले पयले सुई देल्ली?"

"नाही. मी तर नको म्हणत होतो. देवविली माझ्या बहिणीनं. मोहगावात मातेला पाणी घालायची, तिनं."

ती ताडकन उठली. "पाणी घालनाऱ्या बाईनं?" लगेच सासूला फोन. "आई, ऐकून राहिल्या का..."

एवढ्यात आतून हाक आली. फोन कानाशी तसाच धरून, बोलत बोलतच, ती लेकराला घेऊन आत गेली.