साळूचं कूळ

डुकरं पाळणारे आबाजी जिवंत डुकराच्या मांडीवर अंगठा दाबून त्याचं मांस कसं निघेल ते सांगायचे. "हे पानी सोडन," म्हणायचे, नाहीतर "हे धरून ठेवन." विद्यापीठातून रक्त घ्यायच्या नळ्या घेऊन मी जानेफळजवळच्या त्यांच्या खोपटावर पहिल्यांदा गेले, तेव्हा मनात हसले होते. पुढे प्रयोगशाळेत मांसाचे तुकडे टांगून निथळलेलं पाणी मोजलं, तर म्हातारा क्वचितच चुकला होता.

मांस पाणी धरतं की सोडतं, हे डुकराच्या जनुकांच्या नकाशावर नेमकं कुठे ठरतं ते मला शोधायचं होतं. त्यासाठी आजी, आई, नात अशा तीन पिढ्यांचं रक्त हवं. आबाजींना अक्षरओळख नव्हती, पण सगळी कुळं तोंडपाठ, आणि तीही मादीवरून. "नराचं काय, आज अठी, उद्या तठी. माय खोटी नसते." साळू नावाच्या काळ्या गावठी मादीचं कूळ सगळ्यांत सरस. मी ते वहीत उतरवलं, एकेकाच्या कानाला बिल्ला मारला. "आता तुह्या वहीत पक्कं झालं," आबाजी खुशीत म्हणाले. मला त्या वहीचा केवढा अभिमान होता.

त्यांचा एक नेम होता. कापायचं जनावर आदल्या दिवशीच वेगळं बांधायचं, पाणी पाजायचं, पोट खाजवायचं. कोणी काठी उगारली की ते खवळत. "भेलेल्या जनावराचं मांस रडते बे. निवू दे त्याले." आमच्या पुस्तकांत याच गोष्टीवर पानंच्या पानं आहेत.

मग डुकरांमध्ये ती साथ आली. औषध नाही, लस नाही. एक आजारी सापडलं की आसपासची सगळी मारून चुन्यात पुरायची. आबाजींची धडधाकट होती, पण शेजारच्या गावात एक मेलं होतं. सरकारी पथकाने कळपाची यादी मागितली. ती माझ्या वहीत होती. मी वही दिली, फारसा विचारही केला नाही. खड्ड्याशी त्यांनी मलाच वहीवरून बिल्ले ताडायला लावले, तर एक कमी भरला. साळूची शेवटची नात. आबाजींनी तिला कडब्याच्या गंजीमागे दडवलं होतं.

ते माझ्याकडे आले. साठी उलटलेल्या त्या माणसाने माझे दोन्ही हात धरले. "पोरी, वहीतून एक नाव खोड. एकच. तुह्या पाया पडतो."

तिच्या अंगात रोग असला तर तालुक्यात डुक्कर उरणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी खोडलं नाही. मी चुकले नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. पण ते आजही घशाखाली उतरत नाही.

पथकातले दोघे काठ्या घेऊन तिला शोधत गंजीकडे निघाले. आबाजी आडवे आले. त्यांनी स्वतःच तिला बाहेर आणलं, पाणी पाजलं, पोट खाजवत खाली निजवलं. ते मांस कोणाच्याच ताटात जाणार नव्हतं. तरी ते म्हणत राहिले, "निव माय, निव."

वर्षभराने नकाशावरची ती जागा सापडली. साळूच्याच कुळातल्या रक्तातून. सांगायला मी धावत गेले. खोपट रिकामं होतं आणि आबाजी दारात बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना अंगठ्याने स्वतःचीच मांडी दाबत होते.

"सापडलं तर बरं झालं, पोरी," ते म्हणाले. "पन आता हाय कोनात थे?"