लंकाबाईच्या रानात उतरलेलं विमान

येवल्याहून नांदगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगत लंकाबाईचं रान आहे. नवरा गोरक्ष बाजाराला गेला की सगळं तीच बघायची. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. १९९८च्या एप्रिलात उन्हाळ कांदा निघाला होता. मोकळ्या झालेल्या लांब पट्टीत सोमा धनगराची मेंढरं पात खात होती आणि सोमा विहिरीवर पाणी प्यायला गेला होता.

लंकाबाई लिंबाखाली कांदे कापत बसली होती. उन्हानं रान पाण्यासारखं हलत होतं. त्या हलत्या उजेडातून एक पांढरं विमान खाली येताना दिसलं, तेव्हा तिला वाटलं, आपला डोळा लागला असावा. विमानाला दोन पंखे होते. एक फिरत होता, दुसरा साफ थांबलेला. आवाज एकाच बाजूनं येत होता, धाप लागल्यासारखा.

ते तिच्याच पट्टीकडे येत होतं आणि मेंढरं मधोमध होती.

ती उठली आणि धावली. पदर सोडून हवेत फिरवत, घसा ताणून हाकलत राहिली. कळप फुटून बांधापलीकडे गेला. ती बांधावर पालथी पडली. पाठीवरून एक गार सावली सरकली. मग चाकं ढेकळांवर आपटली, पुढचं चाक मोडलं, नाक मातीत घुसलं आणि विमान थांबलं. धुळीबरोबर कांद्याचे गुलाबी पापुद्रे उंच उडाले आणि बराच वेळ, आवाज न करता, खाली येत राहिले.

आत एकटी बाई होती. तिशीची, पांढऱ्या सदऱ्यातली. तिनं दार उघडलं, पण जागची हलली नाही. लंकाबाई पंखावर चढली.

"ताई, उतर आता. पोचली तू जमिनीवर."

लिंबाखाली तांब्याभर पाणी प्याल्यावर ती बोलली. नाव मोहिनी. "एक इंजिन बंद पडलं, मावशी. एवढ्या उन्हात दुसऱ्याच्या जोरावर उंची टिकेना. ही पट्टी दिसली, पण मेंढ्याही दिसल्या. मग तुमचं हिरवं लुगडं दिसलं."

"वरून मी दिसले?"

"तुम्हीच दिसत होतात. बाकी सगळं पुसट झालं होतं."

लंकाबाईनं तिचे हात आपल्या मांडीवर घेतले. पोलीस येईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.

पुढं विमानाचे भाग सुटे करून ट्रकमधून नेले. मोहिनी मात्र येत राहिली, कधी दिवाळीला, कधी सहज. थंडीत एकदा तिनं लंकाबाईला गाडीतून विमानतळावर नेलं.

"भीती वाटते का, मावशी?"

"तू हाय ना."

विमान ढगांतून वर निघालं. खाली पांढरं, वर निळं, मधे कोवळं ऊन. इंजिनांच्या एकसारख्या घरघरीत लंकाबाईची मान हळूच कलली. मोहिनीनं तिला उठवलं नाही. ठरलं होतं त्यापेक्षा एक घिरटी जास्तच घातली.

घरी गोरक्षानं विचारलं, "मग, काय पाहिलं?"

"वर लय निवांत हाय," लंकाबाई म्हणाली. "झोपच लागली मला."