हो, वास येतो

स्वारगेटहून बारामतीची एसटी सुटली, तेव्हा जानेवारीचा गार वारा थेट तोंडावर येत होता. मागच्या बाकावरचे आजोबा दोनदा म्हणाले, "बाई, खिडकी लावा की." मी लावली नाही. का लावत नाही, हेच लोकांना सांगायला मी बारामतीजवळच्या सांगवीला निघाले होते. आजोबांना मात्र सांगता आलं नाही.

मला ट्रायमिथाइलअमिन्युरिया हा जन्मजात, दुर्मीळ आजार आहे. अंडी, मासे, शेंगदाणे, काही कडधान्यं यांच्यापासून पोटात एक उग्र वासाचं द्रव्य तयार होतं. इतरांचं यकृत त्याचा वास मारतं, माझं मारत नाही. मग ते घामातून, श्वासातून बाहेर पडतं आणि अंगाला सडक्या माशासारखा वास येतो. रोज येतो असं नाही, पण कधी येईल याचा भरवसा नसतो. माझा वास मला स्वतःला कळत नाही; तो समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचावा लागतो. आजाराचं नाव मला सदतिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी घरी बसून करता येतील अशीच कामं धरली होती.

सुप्याला बस भरली. बाहेर पिवळं पडलेलं माळरान, आत दाटी. माझ्या शेजारी एक बाई मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. थोड्या वेळानं कंडक्टर नाक मुरडत आला.

"कुणाच्या पिशवीत मासळी हाय? डब्यात तरी घालून आणा."

सगळे त्या बाईंच्या पिशवीकडे बघू लागले. "माज्याकडं न्हाय ओ," असं म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर पिशवी उपसली. बाळाचं अंगडं, टोपडं, मेथीची जुडी. त्यांचे कान लाल झाले होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

बारामतीच्या स्टँडवर उतरले. पुण्याची परतीची बस समोर उभी होती आणि मी तिच्या दारापर्यंत गेलेही. तेवढ्यात शैलाची स्कूटर आली. शैला माझी वसतिगृहातली रूममेट, आता सांगवीच्या शाळेत शिक्षिका. तिनंच गावातल्या बायकांसमोर माझं बोलणं ठरवलं होतं. "चेहरा असा का?" तिनं विचारलं. "काही नाही," म्हणत मी मागे बसले.

सांगवीचा रस्ता दोन्हीकडून उसानं दाबलेला. पुढे उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे आम्ही. कडेला तोडणीवाल्या बाया वाढ्यांच्या (उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याच्या) पेंढ्या बांधत होत्या. शैलाच्या सासूबाईंनी ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. चटणीला मी हात लावला नाही. "तिखट चालत न्हाय व्हय?" त्यांनी विचारलं. तिथेही मी नुसती मान हलवली.

दुपारी शाळेच्या खोलीत साठ-सत्तर बायका होत्या. लिहून आणलेला कागद मी घडी करून ठेवला आणि सकाळी बसमध्ये काय झालं ते सांगितलं. "त्या बाईंच्या पिशवीत मासळी नव्हती. वास माझ्या अंगाचा होता, आणि मी गप्प बसले."

मग आजार समजावून सांगितला. अंघोळीनं तो जात नाही, अस्वच्छतेनं होत नाही.

"एकमेकीला लागतो का?" एकीनं विचारलं.

"नाही."

"आमास्नी तर काय वास येत न्हाय बाई," पुढची म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मायेनंच म्हणाल्या. अशा वेळी मला फार एकटं वाटतं.

बायका पांगल्यावर दाराशी एक गृहस्थ उभे दिसले. धोतर, टोपी, हातात मोटरसायकलची किल्ली. शैलाच्या ओळखीचे, इंदापूरजवळच्या वस्तीवरचे तात्या. शैलानं मोबाइलवर पाठवलेला कार्यक्रमाचा निरोप वाचून एवढ्या लांब आले होते.

"माजी पोरगी, वैष्णवी," ते म्हणाले. "कॉलेजात पोरी नाकाला रुमाल लावायच्या. दीड वरीस झालं, खोलीतनं बाहेर येत न्हाय. दिवसातनं पाचदा अंघूळ करती. डॉक्टर म्हणले, मनाचा रोग हाय. उद्या येता का?"

त्या संध्याकाळी परतायचं ठरलं होतं. मी थांबले.

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या बसमध्ये निमगाव केतकीचे पानमळे मागे पडत होते आणि मी स्वतःला बजावत होते, की मी डॉक्टर नाही. वैष्णवीला हा आजार नसेल तर? आणि असेल तर, औषध नाही हे तिला कोण सांगणार? इंदापूरला तात्या स्टँडबाहेर उभेच होते.

वस्तीवर चार खोल्यांचं घर, पुढे गोठा. वैष्णवीची खोली आतून बंद होती. मी दाराशी जमिनीवर बसले आणि माझं सगळं सांगत गेले. तिची आई चहा घेऊन आली, तो गार झाला. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला.

"तुमचा वास तुमाला येतो?"

"नाही."

"मला पण न्हाय. आई म्हणती, तुजा काय वास येत न्हाय. सगळी तसंच म्हणत्यात. मग पोरी रुमाल का लावत्यात? मी येडी झाली का?"

कडी निघाली. कोपरापर्यंत घासून हातांची सालं निघालेली, एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. ती दारातच थांबली.

"तुमी खरं सांगा. येतो का?"

तिचे आई-वडील माझ्याकडे बघत होते. तात्यांनी नकारार्थी किंचित मान हलवली. माझा वास मला कळत नाही, तिचा मात्र येत होता.

"हो," मी म्हणाले. "येतो."

वैष्णवी खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडू लागली. आईनं माझ्याकडे रागानं पाहिलं. पण पोरगी रडता रडता म्हणाली, "आई, मी येडी न्हाय." हे ती तीन-चारदा म्हणाली.

मग मी तिच्या आईला म्हटलं, "आता माझा वास घ्या." त्या जवळ आल्या, मानेपाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "हाय. तसाच हाय."

त्यांना ती काय खाते ते विचारलं. "अशक्त झाली म्हणून रोज दोन अंडी, मूठभर शेंगदाणं," त्या म्हणाल्या. काही झाकून ठेवणं बरोबर नव्हतं. हा आजार असेल तर त्यानंच वास वाढत असेल, असं मी सांगितलं. त्या भिंतीला टेकल्या. "म्या माज्या हातानं…" लघवीची तपासणी होईपर्यंत खाणं बदलू नका, असंही मला सांगावं लागलं. नाहीतर आजार असून तपासणीत दिसायचा नाही. माझ्या पुण्यातल्या डॉक्टरांचा पत्ता तात्यांना लिहून दिला.

इंदापूरहून दुपारीच पुण्याची बस धरली. हायवेवर ट्रकांची रांग होती, आणि डोक्यात एकच घोळत होतं, की मी अर्धी माहिती देऊन एका घरात काय पेरून आले? पुढचे काही आठवडे फोन वाजला, की मी हातातलं काम टाकून धावायचे.

शेवटी तपासणी झाली. वैष्णवीचाच फोन आला. "ताई, तोच हाय." मागून तात्यांचा आवाज, "नाव सापडलं म्हणावं." बरं करणारं औषध नाही हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. पथ्य आणि वेगळा साबण यांनी वास थोडाफार कमी होतो, एवढंच.

जूनमध्ये ती कॉलेजात गेली. पहिल्या दिवशी वर्गात उभं राहून तिनं आजाराचं नाव सांगितलं आणि तो लागत नाही हे सांगितलं. दोन मुली उठून मागे गेल्या. ती मधल्या सुट्टीतच घरी आली; फोनवर मला एवढंच सांगून तिनं तो ठेवला. दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून फोन जवळ घेऊन बसले होते. तो दुपारी तीनला वाजला. पलीकडून बसचा आवाज येत होता. "सगळे तास करून निघाली," वैष्णवी म्हणाली.