चावून थुंकलेला पाव

माझे बाबा बेकरीत भट्टीवर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि तेही ते नाव मिरवत. भट्टीतून निघालेला पहिला पाव ते मोडत, एक घास सावकाश चावत आणि मगच म्हणत, "जाऊ दे." त्याशिवाय एकही पाव दुकानात जायचा नाही. घरी मात्र आईच्या स्वयंपाकाबद्दल बत्तीस वर्षांत चांगलं-वाईट अवाक्षर काढलं नाही. त्याचा आईला भारी राग.

एके दिवशी पिठाच्या पोत्यांची ढकलगाडी घसरत येऊन त्यांच्या पाठीवर आदळली. हातात पाव काढायचा लांब दांडा होता. त्याचं एक टोक भट्टीला टेकलेलं, दुसरं बरोबर बरगड्यांखाली पोटावर जोरात दाबलं गेलं. रक्त नाही, साधं खरचटलंही नाही. म्हणून हे महाशय उरलेले पाव काढून चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी उलट्या आणि पाठीतून कळा सुरू झाल्या.

ऑपरेशननंतर सर्जनबाईंनी मला कागदावर काढून दाखवलं. जठराच्या पुढचं आतडं फाटलं होतं, त्याला लागून असलेलं स्वादुपिंडही. आतडं शिवलं होतं, पण स्वादुपिंडाचा रस पाझरत होता. तो अन्न पचवतो, तसा वाटेत येईल ते सगळंच पचवतो. म्हणून तो नळीने बाहेर पिशवीत काढलेला.

"पिशवी कोरडी पडेपर्यंत तोंडाने काही नाही. पाणीसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. अन्न दुसऱ्या नळीने थेट खालच्या आतड्यात जाणार होतं. पाझर थांबला नाही, तर पोट पुन्हा उघडायचं, आणि त्यातून बाबा निभावतील याची खात्री त्या देत नव्हत्या.

तीन आठवड्यांत पिशवीत रोज जमणारा रस तीनशे मिलिलिटरवरून शंभरावर आला. एका दुपारी बाबा म्हणाले, "भट्टीवर नवा माणूस घेतलाय ना? त्याचा पाव आण."

"बाबा, डोकं ठिकाणावर आहे का?"

"गिळतोय कोण? चावून थुंकतो. पाव कळायला गिळावा लागत नाही."

मला ते पटलं. मी त्यांचीच मुलगी. रोज भेटीच्या वेळी पर्समधून पाव न्यायचे. ते डोळे मिटून चावत, कागदात थुंकत आणि नव्या माणसाचा उद्धार करत. इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडावर तजेला दिसत होता.

पाचव्या दिवशी पिशवीत अडीचशे. सर्जनबाई चक्रावल्या, पुन्हा ऑपरेशनची भाषा सुरू झाली. मी त्यांना गाठून सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "नुसतं चावलं तरी शरीराला वाटतं जेवण आलं," त्या म्हणाल्या. "लगेच रस सुटतो."

"तू सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"हो."

त्यांनी तोंड फिरवलं ते पंधरा दिवस. आईशी बोलत, झाडूवाल्याशी गप्पा मारत, मी आले की डोळे मिटत. एकदा तर बाहेर येऊन मी स्वतःशीच म्हणाले, राहा मग उपाशी. असं म्हणायला नको होतं.

पिशवी मात्र उतरत गेली आणि एकदाची कोरडी पडली. चार दिवस कोरडीच राहिली, तेव्हा सर्जनबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी चमच्याने पाणी देऊन बघू." मी निघाले, तर मागून बाबांची हाक आली.

"उद्या तूच पाज. तुझ्या आईचा हात थरथरतो."

सकाळी मी घरचा चमचा उकळून, रुमालात गुंडाळून नेला. आई बाहेर बाकावर बसली होती. आत कॉट रिकामी होती. पहाटे पोटातली एक रक्तवाहिनी फुटली. रसाने ती आतून झिजत आली होती, वरून कुणाला कळलं नाही. टेबलावर घेईपर्यंत सगळं संपलं होतं. पावाचा दोष नाही, असं सर्जनबाईंनी मला दोनदा सांगितलं.

मी विश्वास ठेवला, अजूनही ठेवते. मला बाबांची माफीबिफी मागायची नाही. फक्त एकदा त्यांना दोन चमचे पाणी पाजायचंय, आणि त्यांनी ते गिळलेलं बघायचंय.