चौकाला जिवंत कॅप्टन चालत नाही

तुमच्या गल्लीतला एखादा चांगला माणूस अजून जिवंत आहे, म्हणून तुम्ही कधी त्याच्यावर वैतागला आहात का? आम्ही वैतागलो होतो. अख्खी वरची वस्ती वैतागली होती, आणि तशी आम्ही काही वाईट माणसं नाही.

घाटकोपरला आमच्या टेकडीवर दोन फुटबॉल क्लब आहेत, वरचा आणि खालचा. मधे एक मैदान आहे, तेही उतारावर. बॉल जरा जोरात गेला की खालच्यांच्या वस्तीत पडतो, आणि परत आणायला जाणाऱ्याने शिव्या खायच्या असतात. मी वरची. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडील युनियनमध्ये होते, त्यामुळे मी वाचायला शिकले ते ‘जाहीर निषेध’ या शब्दांपासून. खालच्यांचा निषेध मला फार लवकर कळला, ऑफसाइड बरंच नंतर.

मैदानासमोरच्या चौकाला नाव नव्हतं. खालच्यांनी त्यांच्या दिवंगत कॅप्टनचं नाव द्यावं म्हणून अर्ज केला. हे कळल्याबरोबर आमच्या अध्यक्षांनी आमच्या जुन्या कॅप्टनच्या नावाने अर्ज टाकला. मी सोबत गेले होते, कारण अर्जाची भाषा माझी होती. वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांनी गोल वाचले, कप वाचले, रक्तदान शिबिरं वाचली आणि विचारलं, “वारले कधी?”

“वारले नाहीत,” अध्यक्ष म्हणाले. “खाली स्कूटर लावतायत.”

“मग कसं जमणार? जिवंत माणसाचं नाव देत नाहीत आपण. कमिटीची मीटिंग व्हायची आहे अजून. तोपर्यंत काही बदल झाला तर कळवा.”

त्या दिवसापासून टेकडीवर कोणी कोणाला भेटलं की हळूच विचारायचं, “काही बदल?”

कॅप्टनना बदल मानवत नव्हता. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी माणूस भाजीची पिशवी घेऊन टेकडीच्या पायऱ्या न थांबता चढायचा. आमचे लोक ओट्यावरून ते बघायचे आणि सुस्कारे सोडायचे.

अध्यक्षांनी हार मानली नाही. त्यांनी क्लबच्या खोलीत आठवणींची बैठक बोलावली. लोक सांगतील ते मी लिहून काढायचं, म्हणजे वेळ येईल तेव्हा सगळं तयार. कॅप्टनही आले, कारण पोहे होते.

“काय माणूस होता,” आमचा जुना गोलकीपर म्हणाला. “अंगात ताप घेऊन फायनल खेळला.”

“ताप नव्हता रे,” कोपऱ्यातून कॅप्टन म्हणाले. “आदल्या दिवशी बारसं होतं. श्रीखंड जास्त झालं होतं.”

“आणि तो अर्ध्या मैदानातून मारलेला गोल?”

“वारा होता.”

“तू मधे मधे बोलू नको ना,” अध्यक्ष म्हणाले. “लोकांना नीट आठवू दे.”

“मेल्या, मी हयच बसलंय.”

“तेच तर.”

कॅप्टननी ताटली खाली ठेवली. “लिहायचंच असेल तर त्या खालच्या कॅप्टनचं लिही गं,” ते मला म्हणाले. “माझ्या पायातून बॉल असा काढायचा, की मला पुढे गेल्यावर कळायचं, अरे, बॉल कुठाय? चौक-बिक राहू दे. खालच्यांशी एक मॅच लावा. एकदा नीट खेळायचंय मला, गुडघे आहेत तोवर.”

मॅच लावायला आमचे लोक इतक्या पटकन तयार होतील असं त्यांना वाटलं नव्हतं. अध्यक्षांनी तिथल्या तिथे मे महिन्यातली दुपार ठरवली. बदली खेळाडू नाही, हेही ठरलं.

घाबरले ते खालचे. कमिटीची मीटिंग होईपर्यंत आमचे कॅप्टन टिकायला हवेत, ही आता त्यांची जबाबदारी झाली होती. खाली मेडिकलचं दुकान चालवणारा त्यांचा जुना डिफेंडर कॅप्टनना बीपीच्या गोळ्या घरपोच द्यायला लागला. रोज सकाळी दुधीचा रस यायचा. पायऱ्यांवर त्यांची दोन माणसं मागून यायची आणि हातातली पिशवी काढून घ्यायची. आमच्याकडून काय जायचं? गरम भजी. अध्यक्ष तर म्हणाले, “सिगारेट सोडून तुला खरंच मजा येते का रे?”

“आपल्यापेक्षा खालचे बरे,” कॅप्टनच्या बायको एकदा माझ्या आईला म्हणाल्या. “हे जगावेत म्हणून तरी येतात.”

मॅचच्या दिवशी खालच्यांनी एक डॉक्टर, एक स्ट्रेचर आणि ग्लुकोजचे डबे आणले. आम्ही ढोल आणला. शिट्टी वाजली, बॉल कॅप्टनकडे आला, आणि खालची अख्खी टीम बाजूला झाली.

“या कॅप्टन, या,” मेडिकलवाला म्हणाला.

कॅप्टन धावत गेले. गोलकीपरने गोलपोस्टला पाठ लावून जागा करून दिली. गोल झाला. ढोल वाजला. कॅप्टन तसेच बघत उभे राहिले.

पुढच्या वेळी ते मुद्दाम मेडिकलवाल्याच्या अंगावर बॉल घेऊन गेले. त्याने हात जोडले. मग बारीक खडीवरून कॅप्टनचा पाय सरकला, आणि ते जमिनीला लागायच्या आत खालच्यांच्या पाच-सहा जणांनी त्यांना झेललं. आमचा अख्खा बाक उभा राहिला होता. कॅप्टन पायावर उभे आहेत हे दिसल्यावर तो खाली बसला. मीही बसले.

कॅप्टननी बॉल उचलला, मैदानाच्या मधोमध नेला आणि त्यावर बसले.

“खालच्यांना मी मीटिंग होईपर्यंत हवाय,” ते म्हणाले, “आणि वरच्यांना मी मीटिंगच्या आधी जायला हवाय. माझ्या पायातून बॉल काढायला कोणीच आलं नाही का?”

“पडलात तर, कॅप्टन?” मेडिकलवाला म्हणाला.

“पडलो तर पडलो. तुझा कॅप्टन मला दर मॅचला पाडायचा. कधी सॉरी म्हणाला नाही. नंतर चहा पाजायचा, तोही माझ्याच पैशाने.” त्यांनी आमच्याकडे बघितलं. “तो गेला तेव्हा तुम्ही फटाके लावणार होतात. मी लावू दिले नाहीत. आठवणींच्या बैठकीत हे कोणी बोललं नाही.”

अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले, “हाफ टाइम घ्यायचा का मग?”

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. माणसाने मरून दाखवावं तेव्हाच त्याचं नाव लावू, ही अट अपमानाची आहे, असं लिहिलं. नाव लावायचं तर दोन्ही कॅप्टनचं लावा, आणि त्याआधी जो आहे त्याच्याशी खेळा, असंही लिहिलं. गुलाबी कागदावर छापून वर-खाली दोन्हीकडे वाटलं. वरच्यांनी विचारलं, “काय गं, खालच्यांची झालीस का?” खालच्यांनी विचारलं, आमच्या कॅप्टनचं नाव दुसऱ्या नंबरला का? कमिटीची मीटिंग पुन्हा पुढे गेली.

कॅप्टन अजून दर रविवारी सकाळी मैदानात येतात. जे असतील त्यांच्यात खेळायला उतरतात. बॉल त्यांच्याकडे आला की वरचे बघत उभे राहतात, खालचे बाजूला होतात, आणि ते एकटेच बॉल घेऊन गोलपर्यंत जातात. एकदा गोल न मारता तसेच बॉल पायात धरून उभे होते, कोणीतरी येईल म्हणून. कोणी आलं नाही. मी फुटबॉल खेळत नाही, तरी त्या दिवशी गेले. त्यांनी मला इतक्या सहज चकवलं की माझी चप्पल मागेच राहिली. तेवढ्यावरही ते खूश झाले. पण माझ्याने त्यांचं काम व्हायचं नाही.

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. तुम्ही वरचे नाही आणि खालचेही नाही. रविवारी सकाळी घाटकोपरला या. टेकडीवरचं फुटबॉलचं मैदान कोणीही दाखवेल. निळी हाफ पँट आणि डाव्या गुडघ्याला क्रेप बँडेज, ते कॅप्टन. त्यांना तब्येत विचारू नका. सरळ मैदानात शिरा, त्यांच्या पायातून बॉल काढून घ्या आणि पळत सुटा. ते पडले तर उचलायला थांबू नका. ते उठतील आणि तुमच्या मागे येतील.