भाऊजींनी नाव दिलं नव्हतं

त्यांनी माझ्या दिराची तीन बोटं माझ्याच पोळपाटावर ठेवून पान्याने मोडली.

मी समोर होते.

आज पहाटे प्रकाश भाऊजी गेले. म्हणून लिहिते.

नव्याण्णव साल असेल. आम्ही पेणला, रामवाडीत. भाऊजी धाटावच्या एका कंपनीत कॉम्प्युटर बघायचे. तिथे त्यांनी गप्पांचा सर्व्हर बनवला होता. एकाने टाईप केलं की सगळ्या ग्रुपला लगेच दिसायचं.
दिसायचं ते टोपणनावाने.

"वहिनी, नाव झाकलं की माणूस खरं बोलतो."

पण सर्व्हर आतल्या आत खरं नाव लिहून ठेवायचा. तो सारखा बंद पडायचा. का पडतो ते शोधायला भाऊजी ती नोंद छापून घरी आणायचे. वाचून झाली की कागद माझ्याकडे.
"बंबात घाला. आठवणीने."

एकदा कोणीतरी लिहिलं, टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय, ठेकेदाराने जुनाच रंगवून बसवलाय.

रविवारी सकाळी ठेकेदाराची चार माणसं घरात. आमचे हे ड्युटीवर.

"कोनी लिवलं?"
"नाय सांगत."
एक बोट.
"आता?"
"अजून नऊ हायत," भाऊजी म्हणाले.

तीन झाली. किंचाळले, पण नाव नाय.

मी मुसळ घेऊन धावले. एकाच्या कपाळातून रक्त काढलं. दुसऱ्याने मला देव्हाऱ्यावर आपटलं. देव खाली पडले, खालचा कागद उलटा झाला.

कोरी बाजू वर करून मीच अंथरला होता. भाऊजींच्या नोंदीचाच, पण पाठकोरा कागद जाळायला हात होईना माझा.

"ह्यो बघ. नामदेव. जित्याचा."

त्याच संध्याकाळी जिते स्टेशनबाहेर नामदेवदादांचा गुडघा फोडला.

दोन महिन्यांनी ते काठी टेकत आले. "माझं नाव फुटलं कसं?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सर्व्हरमध्ये चूक राहिली. माझी."

दादा त्यांच्या तोंडावर थुंकले.

मी आत चहा गाळत होते. गाळतच राहिले.

पुढे भाऊजींनी उरलेल्या बोटांनी सगळा सर्व्हर पुन्हा लिहिला. नोंदीत कुणाचं नाव येणारच नाही, असा. दादांनी त्यावर एक अक्षर टाईप केलं नाही.

आज अंत्ययात्रेला धाटावची सगळी जुनी माणसं आली. दादा नाय आले.

नामदेवदादा, कोणीतरी हे तुम्हाला दाखवेल.
भाऊजींनी नाव दिलं नाही. सर्व्हरनेही नाही.
ते माझ्या देव्हाऱ्यातून गेलं.

थुंकायचं तर माझ्यावर थुंका. पण दहाव्याला या.

भाऊजी, सुखाने जा.